जागा धरलेली हाय

शेळगाव, ता. इंदापूर
७ जानेवारी

चि. सौ. स्वरूपास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना ताईला ही कुठली हौस, असं रविराजरावांना सांगशीलही. पण दिवाळीत फोनवर आपलं काय झालं ते तुला आठवत असेल. माझी बाजू सुरू झाली की नेमकी तुझी रेंज जाते. कागदाला रेंज लागत नाही, म्हणून लिहिते. उद्या गुरुवार, आई तुझ्याकडे निघेल. तिच्या पिशवीत पेरूंच्या खाली हे पाकीट ठेवते आहे.

इकडे सगळे बरे आहेत. ह्यांनी विहिरीच्या मोटारीला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवलाय. आता हे अंथरुणात पडल्या पडल्या मोटार सुरू करतात आणि सगळ्या भावकीला तो फोन दाखवत फिरतात. पण पाणी बांधापर्यंत पोचलं का, पाइप निसटला का, ते बघायला पहाटे कुणीतरी जावंच लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी. यंत्र आलं तशी ह्यांची झोप वाढली. माझी होती तेवढीच आहे.

आता मुद्द्याचं. तू आईला तो मोठा फोन घेऊन दिलास, चांगलं केलंस. पण तो उघडला की आधी तुझी सोनल दात काढून हसते. दिवसातून दहा वेळा आई ते बघते आणि गालातल्या गालात हसते. माझा पोरगा संदेश तिच्यासमोर जेवायला बसलेला असतो, त्याच्याकडे बघून नाही हसत. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. तिच्या पायाला तेल मी लावते, तिची लुगडी मी धुते, आणि कौतुक कुणाचं, तर बारामतीहून फोनमध्ये तोंड दाखवणाऱ्या लेकीचं. मला हेवा वाटतो, स्वरूपा. लपवत नाही.

तात्या गेल्यावर आपणच ठरवलं ना, भाऊ नाही आपल्याला, तर दोघींनी आईला सांभाळायचं? सोमवारी माझ्याकडे यायचं, गुरुवारी तुझ्याकडे जायचं. मग सोमवारी तिला दिवसभर का अडकवून ठेवतेस? इथे पोचते तेव्हा दिवे लागलेले असतात. सोमवार माझा आहे. तो तू अर्धा खातेस.

आणि डोळ्याचं ऑपरेशन महिनाअखेरीला करायचं ठरलंय, त्याबद्दल आत्ताच सांगते. डॉक्टरांनी महिनाभर एका जागी राहायला सांगितलंय. ती जागा शेळगाव. मी थोरली आहे, आणि माझ्याकडे अंगण आहे. यावर वाद घालू नकोस.

तुझा माझ्यावर जीव आहे असं आई सांगते. तिच्या शब्दावर विसंबून थांबते.

तुझी ताई,
कौसल्या


बारामती
११ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, पेरूही मिळाले. पेरू गोड होते, पत्र नव्हतं. पाकिटाला भाताची शितं काय लावतेस, शेळगावच्या दुकानात गोंद मिळत नाही का? माझ्या हातात आलं तेव्हा निम्मं उघडलेलंच होतं. पण तू लिहिलंस, याचा आनंद झाला. दुकानात बिलाच्या कम्प्युटरवर दिवसभर बोटं आपटून माझं अक्षर कसं झालंय ते बघतेसच, सांभाळून घे.

सोनलचा फोटो सोनलनेच लावला. मला तो काढायचा कसा हेसुद्धा माहीत नाही. दर महिन्याला फोन स्वतःच काहीतरी नवीन होऊन बसतो आणि कालपर्यंत इथे असलेलं बटण आज तिथे जातं. पण तू फोटोवर जळतेस, तर मी कशावर जळते तेही ऐक. आई माझ्या टेबलावर बसून माझी गरम पोळी खाते आणि म्हणते, कौसीच्या भाकरीला पापुद्रा कसा सुटतो. माझ्या मऊ गादीवर झोपते, पण अंगावर तुझीच गोधडी लागते. व्हिडिओ कॉलवर तू दिसलीस की फोन दोन्ही हातांत धरते. मी समोर बसलेली असते, ताई. तू लग्न करून त्याच गावात राहिलीस, तुला ती रोज मिळाली. मला ती पाहुणीसारखी मिळते, त्यातही तिचं लक्ष तुझ्याकडे. मग कुणी कुणावर जळायचं?

आणि सोमवारचा आळ माझ्यावर का? नाश्ता झाला की मी स्वतः तिला रिक्षाने स्टँडवर सोडते आणि तिथून दुकानात जाते. उलट मीच तुला विचारणार होते, की गुरुवारी तिला इतक्या उशिरा का पाठवतेस. माझ्याकडे येते तेव्हा तिन्हीसांज झालेली असते आणि तिचे पाय सुजलेले असतात. दिवसभर भेंडी तोडायला बसवतेस की काय? गुरुवार माझा आहे.

ऑपरेशनचं म्हणशील तर दवाखाना इथे, डॉक्टर इथे. डोळ्यात थेंब कधी घालायचे त्याची फोनवर घंटा लावता येते. तुझ्या अंगणात धूळ आहे आणि अंगणापुढे ट्रॅक्टरचा रस्ता. तू थोरली आहेस हे मान्य, पण डोळ्याला थोरली-धाकटी कळत नाही.

दाजींना नमस्कार. माझा राग आला असेल तर तो ठेव, पण माया काढून घेऊ नकोस.

तुझी,
स्वरूपा


शेळगाव
१३ जानेवारी

चि. सौ. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईच्या पिशवीतून पाठवत नाही. तुझे दाजी पेरूचा टेम्पो घेऊन बारामतीच्या मार्केटला येतायत, त्यांच्या हाती देते. कारण वाचशील तसं कळेल.

तुझं पत्र वाचलं तेव्हा आधी राग आला. अंगणातल्या धुळीचं काढलंस म्हणून. मग भोगीची भाजी निवडता निवडता हात थांबला. स्वरूपा, मी आईला गुरुवारी सकाळच्या गाडीत बसवते. संदेश तिला फाट्यापर्यंत मोटारसायकलवर नेतो आणि कंडक्टरला सांगून येतो. ऊन चढायच्या आत ती बारामतीत असायला हवी. तुझ्याकडे येते तिन्हीसांजेला. तू सोमवारी सकाळी तिला स्टँडवर सोडतेस, माझ्याकडे येते दिवेलागणीला. मधला दिवस कुठे जातो?

काल आली तेव्हा सहज विचारल्यासारखं केलं. म्हणाली, रस्त्यावर ऊस लई हाय, गाडी हळू चालती. कारखाने सुरू आहेत, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, हे खरं. पण इतकी हळू गाडी असती तर माणसं चालत गेली असती. आणि बोलताना आईच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखते. लग्नाआधी आपण दोघी सिनेमाला जाऊन यायचो आणि तात्यांना देवळात गेलो होतो म्हणून सांगायचो, तेव्हा आपलं तोंड तसं असायचं.

आपण दोघी एकमेकींवर जळत बसलो आणि आईचा दिवस तिसरंच कुणीतरी नेतंय. मला हे सहन होत नाही. तुझ्यावर जळत होते तेव्हा निदान माहीत होतं, कुणावर जळते ते.

फुकट तिकीट झाल्यापासून आईला एसटीचा सोस लागलाय, हे आपण हसण्यावारी नेलं. तुमच्या त्या फोनमध्ये माणूस कुठे आहे ते नकाशावर दिसतं म्हणे. ह्यांना विचारलं तर म्हणाले, दिसतं, पण मला मोटारीपुरतंच येतं. तू बघ. मी त्या फोनला नावं ठेवली, ती आत्तापुरती मागे घेते.

उद्या संक्रांत. तिळगूळ टेम्पोतून पाठवलाय. गोड बोलायचं आपण नंतर बघू, आधी शोध लाव.

तुझी ताई,
कौसल्या


बारामती
१६ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजी उद्या पुन्हा मार्केटला येतील तेव्हा हे त्यांच्याजवळ देईन. तू एकटी असशील तेव्हा वाच.

काल गुरुवार. दुकानात कम्प्युटरशेजारी माझा फोन उघडा ठेवला होता. आईच्या फोनची जागा माझ्या फोनवर दिसेल असं सोनलने करून दिलं होतं. नकाशावर एक निळा ठिपका, तो ठिपका म्हणजे आपली आई. लासुर्णे, भवानीनगर, सणसर असा तो सरळ आला आणि बारामती स्टँडवर थांबला. मला वाटलं, आता रिक्षा करून घरी येईल. पण ठिपका तिथून हलेना. गिऱ्हाइकाला साडीच्या जागी टॉवेलचं बिल दिलं मी. शेवटी शेठजींना डोकं दुखतंय सांगितलं, तोंडाला स्कार्फ बांधला आणि स्टँडवर गेले.

सोमेश्वरनगरची गाडी लागलेली होती. आई आत बसली होती, ड्रायव्हरच्या मागच्या बाजूला, कडेच्या जागेवर. खिडकीजवळची जागा मोकळी होती आणि तिच्यावर तुझी पेरूची पिशवी ठेवलेली. गाडी भरत होती. कॉलेजच्या पोरी उभ्या होत्या, एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. तिला आईने स्वतःच्या मांडीवर लेकरू मागितलं, पण पिशवी काही उचलली नाही.

मी जवळ गेले. काहीतरी बोलावं म्हणून घसा साफ केला. नुसता पिशवीला हात लावला. आईने मान वर केली, माझ्याकडे बघितलं. त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना स्कार्फमागचं काय दिसणार? पिशवीवर हात ठेवून ती म्हणाली, "बाई, ही जागा धरलेली हाय. माझी मैतरीण येनार हाय."

ताई, मला ती 'बाई' म्हणाली.

मी मागे जाऊन दांडा धरून उभी राहिले. माळेगावला गाडी थांबली आणि एक उंच, काटकुळी म्हातारी चढली, नाकावर जाड चष्मा. आईने खिडकीपाशी सरकून घेतलं नाही, उठून उभी राहिली, तिला आत खिडकीजवळ बसवलं आणि पिशवीतला सगळ्यात मोठा पेरू काढून तिच्या हातात दिला. मग दोघी जे हसायला लागल्या ते मला मागे ऐकू येत होतं. आई तशी माझ्या घरी हसत नाही. तुझ्या घरी हसते का, खरं सांग.

पुढे उसाच्या बैलगाड्यांमागे गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती. सगळे वैतागले होते. त्या दोघींना मात्र कसलीच घाई नव्हती. मी पणदऱ्याला उतरले आणि दुसऱ्या गाडीने परत आले. संध्याकाळी आई घरी आली, पाय सुजलेले. म्हणाली, कौसीनं लवकर सोडलं न्हाय. मी कणीक मळली. पोळ्या केल्या. दोन करपल्या.

फोटोवरून आणि गोधडीवरून आपण भांडलो, आणि ही कोण कुठली कानामागून येऊन तिखट झाली? काय करायचं ते तू सांग.

तुझी,
स्वरूपा


माळेगाव बुद्रुक
१९ जानेवारी

(अक्षर कुशाबाईचं आहे. चंद्रा जशी बोलली तसंच उतरवलं आहे, मी मनाचं घातलेलं नाही.)

कौसी आणि सरू, दोघींना आईचा आशीर्वाद.

एकच कागुद दोघींना धाडत्ये. आधी कौसीनं वाचायचा, मग सरूला द्यायचा. न्हाईतर त्याच्यावरनं बी भांडाल.

ही कुशी माझ्या म्हायेरची. एका गल्लीतल्या आमी. तिला तिच्या बापानं चवथीपत्तर शिकवलं, मला शेरडं राखाय धाडलं. लगीन झालं तशी ती हिकडं आली अन् मी शेळगावला. उभ्या जल्मात गाठ न्हाय. मग येष्टी फुकट झाली, तवा बारामतीच्या ष्ट्यांडवर पाण्याच्या टाकीपाशी दिसली. तिनंच वळाकलं मला. तवापासनं गुरवारी अन् सोमवारी आमी सोमेश्वरनगरपत्तर जातो अन् म्हागारी येतो. दुसरं काय बी न्हाय. गाडीत बसतो, बोलतो, पेरू खातो.

तुमाला का सांगितलं न्हाय? सांगितलं असतं तर सरू म्हनली असती, माझ्या वाटणीतला दिस कशापायी देतीस? कौसी बी त्येच म्हनली असती. पोरींनो, तुमी मला पाटाच्या पाण्यावानी पाळीनं वाटून घेतलंया. सोमवारी हिची पाळी, गुरवारी तिची. पाण्याला इचारत्यात व्हय, तुला कुटं जायाचंय?

तुमची पत्रं मी वाचली. म्हंजी कुशीनं वाचून दावली. शितं लावलेलं पाकीट, गाडी हालली की उघडतंच. कौसी, तुजा राग मला ठावं हाय. तू पायाला तेल लावतीस तवा माजा जीव निवतो, पर तोंडानं सांगाय येत न्हाय मला. सरू, तुजी पोळी ग्वाड लागती, म्हनून तर कौसीच्या भाकरीचं नाव घेती. हितं आली की तिची याद येती, तितं गेली की तुजी येती. मला काय ठावं, तुमी त्याचा हिशेब धरताय.

त्यो फोन बरा हाय. कुशीला मी त्याच्यावर भजनं ऐकवती. पर इडिओ लावला की तुमी माझ्या तोंडाकडं कमी बगता अन् माझ्या म्हागं कुनाचं घर दिसतंय तिकडं जास्ती.

आता डोळ्याचं. आप्रेशन झालं की म्हैनाभर मी कुशीकडं ऱ्हानार हाय. तिचा ल्योक पुण्याला असतो, घर मोकळंच हाय. तिचे दोनी डोळे झाल्यात, थेंब कसं घालायचं तिला ठावं हाय. शेळगाव न्हाय अन् बारामती बी न्हाय. तितं माजी वाटणी मागनारं कुनी न्हाय.

सरू, आनी एक. गुरवारी तू तोंड बांधून गाडीत आलीस. डोळ्याला न्हाय दिसलं मला. पर बोलायच्या आदी घसा खाकरायची तुजी ल्हानपनापासनं खोड हाय. मी वळाकलं तुला. तरी जागा दिली न्हाय. ती कुशीची व्हती.

मला बगायला या. पर दोघी संगट या. एकेकटी आलात तर मी दार उघडनार न्हाय.

तुमची आई,
चंद्राबाई


शेळगाव
५ फेब्रुवारी

चि. सौ. स्वरूपास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आईचं पत्र संदेशबरोबर तुला पाठवलं, त्यानंतर तुझा फोनही नाही आणि पत्रही नाही. मीही केला नाही. काय बोलणार होतो? ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात आपण बाकाच्या दोन टोकांना बसलो आणि मधे कुशामावशी बसली, डोळ्याच्या औषधाची पिशवी मांडीवर घेऊन. नर्सने विचारलं, पेशंटबरोबर कोण, तर आपल्या दोघींच्या आधी तीच उठली. मी त्या वेळी भिंतीकडे बघत होते. तू फोनमध्ये बघत होतीस, पण तो बंद होता, मला दिसत होतं.

मी फार रागावले होते, ते लिहूनच टाकते. पहिले चार दिवस म्हणत होते, राहू दे तिला माळेगावातच. मग एका पहाटे बांधावर उभी होते, पाणी यायची वाट बघत, आणि पाळीचं ते वाक्य आठवलं. विहिरीवरून घरापर्यंत रडत आले. हे तेव्हाही अंथरुणात होते.

काल कुशामावशीचा फोन आला होता, आईच्या फोनवरून. म्हणाली, डोळ्याची पट्टी निघाली, आता चंद्राला स्वच्छ दिसतंय. फोन उघडून सोनलला बघितलं म्हणे, आणि म्हणाली, ही तर कौसीसारखी दिसते, इतके दिवस कळलंच नव्हतं. मला कितीदा वाटलं हे तुला सांगू नये. सांगते. आणखी म्हणाली, चंद्रा भाताची पेज पोटभर खाते. माझ्याकडे ती पेजेला तोंड लावायची नाही. पुन्हा पोटात दुखलं माझ्या. तुझ्याही आत्ता दुखलं असेल.

तर ठरवलंय ते ऐक. येत्या सोमवारी मी सकाळच्या गाडीने बारामतीला येते. तू दुकानातून सुट्टी घे, डोकं दुखतंय म्हणायची गरज नाही, आईला बघायला जायचंय असं सांग. स्कार्फ बांधू नकोस. सोमेश्वरनगरची गाडी लागली की मी आधी चढेन. माळेगावला पोचल्यावर कुशामावशी आईच्या डोळ्यात थेंब घालेल आणि आपण बघत बसू. जळायचं तर आहेच, ते काही आपलं सुटणार नाही, पण एकटीने जळण्यापेक्षा शेजारी बसून जळलेलं बरं.

तुला दुकानातून यायला उशीर झाला तरी घाबरू नकोस. खिडकीजवळच्या जागेवर मी पेरूची पिशवी ठेवीन. कुणी उचलायला आलं तर सांगीन, ही जागा धरलेली आहे, माझी बहीण येणार आहे.

तुझी ताई,
कौसल्या